कमरेवरची जागा

मी करदोडा बोलतोय. शहरातल्या पुष्कळ वाचकांना मी आता केवळ तान्ह्या बाळाच्या कमरेवर आठवत असेन, म्हणून सांगतो: पुरुषाच्या कमरेला, कपड्यांच्या आत, कातडीला लागून जो दोरा बांधतात तो मी. मला कोणी दागिना म्हणत नाही. माणसे माझ्याविषयी बोलत नाहीत, कारण मी जिथे राहतो त्या जागेविषयीच ती बोलत नाहीत.

माझा जन्म इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्यातला. म्हस्कू तात्यांनी मेंढरे विकून ऊस लावायचे ठरवले, तेव्हा कळपात एकच काळी मेंढी उरली होती. तिची शेवटची लोकर त्यांच्या पत्नीने, साखरबाईंनी, मांडीवर पिळून मला घडवले आणि स्वतःच्या हाताने तात्यांच्या कमरेला बांधले. "मेंढरं गेली. ह्येवढंच राह्यलं," त्या म्हणाल्या, "जपा."

लोकरीचा असल्यामुळे घामाने आणि अंघोळीच्या पाण्याने मी आटत गेलो. माझी गाठ दगडासारखी झाली आणि तात्यांच्या कमरेवर माझी फिकट रेषा उमटली.

करदोडा माणसाची राखण करतो, असे समजतात. तो जिवंतपणी उतरवत नाहीत. झिजून तुटलाच तर लगेच दुसरा बांधतात. तोडतात तो सरणावर. या श्रद्धेविषयी मला स्वतःला शंका आहे. मी दोरा आहे. शरीराच्या आत काय चालले आहे ते मला कळत नाही आणि कळले असते तरी अडवता आले नसते. बाहेर येते तेवढेच मला दिसते.

ते प्रथम उसाच्या बांधावर दिसले. तात्या लघवीला बसले आणि मातीवर लाल ओल पसरली. दुखले काहीच नाही. त्यांनी मान वळवून दोन्हीकडे पाहिले, पायाने माती सारली आणि ती जागा झाकून टाकली. उन्हाळी लागली असेल, असे स्वतःलाच सांगून ते धण्याचे पाणी पिऊ लागले. लाली गेली, पुन्हा आली. धोतराला डाग पडू लागले, तेव्हा त्यांनी ते स्वतःच धुवायला घेतले.

"आज सूर्य कुठं उगवलाय म्हणायचा?" साखरबाईंनी विचारले. "धोतर सोता धुताय?"

"तुझं हात दुखत्यात म्हणून."

"लगीन झाल्यापासनं आजच दिसलं व्हय माझं हात?"

त्या हसल्या. तात्या धोतराला पीळ देत राहिले. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोपासून लपवलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट असावी आणि ती लपवताना त्यांचे पोट माझ्याखाली कसे आवळले जाई, हे मलाच ठाऊक.

रक्ताची गाठ अडकून लघवी बंद झाली, तेव्हा लपवणे संपले. मुलगा बिरू त्यांना गाडीत घालून बारामतीच्या एका रुग्णालयात घेऊन आला. दुर्बिणीतून तपासणी झाली, तुकडा काढला गेला, अहवाल आला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले: मूत्राशयात कॅन्सर आहे, तो स्नायूपर्यंत गेला आहे आणि मूत्राशय काढावे लागेल. मग आतड्याच्या एका तुकड्यातून लघवीची वाट पोटावर उजवीकडे काढायची आणि तिथे पिशवी चिकटवायची. ती पिशवी आयुष्यभर राहील. नवराबायकोच्या संबंधांतही फरक पडेल, हेही त्यांनी सांगितले. तेव्हा बिरू खिडकीबाहेर पाहू लागला.

"समजलं ना, तात्या?"

"व्हय," तात्या म्हणाले. त्यांना फक्त त्या खोलीतून बाहेर पडायचे होते.

त्यानंतर तयारी सुरू झाली. बिडी सुटली. श्वास ओढून नळीतले चेंडू वर चढवण्याचा व्यायाम आला. तो मात्र तात्या मन लावून करत. आणि एका दुपारी स्वरूपा सिस्टर आल्या. भवानीनगरच्या, वयाने तात्यांच्या नातीएवढ्या. पिशवीची जागा शस्त्रक्रियेआधीच पोटावर आखून ठेवायची, हे त्यांचे काम. माणूस बसतो कसा, वाकतो कसा, कपडा कुठे बांधतो, हे पाहून जागा ठरवायची असते.

"घरी धोतर नेसता का पायजमा, तात्या? नीट सांगा हं, त्यावरच सगळं आहे."

बिरूने त्यांना दवाखान्यात शोभेल असा नवा पायजमा घालून आणले होते. धोतर म्हटले असते, तर ते त्या मुलीपुढे नेसून कमरेवरचा पीळ कुठे बसतो ते दाखवावे लागले असते.

"पायजमा," तात्या म्हणाले.

सिस्टरांनी पायजम्याच्या नाडीच्या वर, बेंबीच्या उजव्या बाजूला शाईचा ठिपका दिला. तो नेमका तिथे होता, जिथे तात्यांच्या धोतराचा पीळ बसतो. मला ते दिसत होते. मला तोंड नव्हते, तात्यांना होते.

सवयीसाठी सिस्टरांनी त्या ठिपक्यावर एक पिशवी चिकटवली आणि तिच्यात साधे पाणी भरले. "ही घेऊन नेहमीसारखे वागा. कुठे टोचते, कुठे ओढते, ते आपल्याला कळेल."

संध्याकाळी गावाकडून दत्तोबा भेटायला येणार असल्याचा निरोप आला. भावकीतल्या माणसापुढे पायजम्यात बसणे तात्यांना जमणारे नव्हते. त्यांनी खाटेजवळ बसलेल्या साखरबाईंकडून धोतर मागून घेतले, आडोशाला जाऊन नेसले, पिशवीवरूनच पीळ आवळला आणि खाटेवर मांडी घालून बसले.

उसाच्या तोडीचे बोलणे निघाले. दत्तोबा काहीतरी बोलला, तात्या पुढे वाकले आणि चिकटवलेली कड सुटली. पाणी माझ्यावरून, धोतरावरून, चादरीवर पसरत गेले.

 माणसे ओशाळून बोलतात तसे दत्तोबा बोलला, "तात्या, चारी फुटली का काय?"

कालव्याची चारी फुटून वावर भिजले की तात्या स्वतःही हाच विनोद करत. या वेळी ते भिंतीकडे तोंड करून निजले. दत्तोबा चहा न घेताच उठला.

"मला न्हाय करायचं आपरेशन," तात्या भिंतीला म्हणाले. "घरी न्या."

"आन् घरी जाऊन?" साखरबाईंनी विचारले.

"जे व्हायचं ते हू दे. आसं जगण्यापरीस बरं."

"पाणीच हाय ते. माझ्यादेखत भरलंय. पर त्या पोरीला खोटं का सांगितलंत?"

 तात्या म्हणाले, "तिच्याम्होरं कासोटा सोडू व्हय?"

साखरबाई ओल्या धोतराचा सोगा पिळत होत्या. "मेंढी अडली म्हंजी कोपरापत्तुर हात घालून कोकरू काढत व्हता तुमी. वाड्यावरची समदी माणसं बघत आसायची. मेंढी लाजली का कवा? लाजली आसती तर दोन्ही जीव गेलं आसतं."

"मी मेंढी हाय व्हय?"

"मेंढीला आक्कल व्हती."

माझ्याखाली तात्यांचे पोट हलले. ते हसणे होते की दुसरे काही, हे मी ठामपणे सांगू शकत नाही.

सकाळी तात्यांनी स्वतःच सिस्टरांना बोलावणे धाडले. "पोरी," ते म्हणाले, "मी धोतर नेसतो. काल खोटं बोललो." आणि त्यांच्यापुढे, उजेडात, धोतर नेसून त्यांनी पिळावर बोट ठेवले. "हितं." कान लाल झाले होते, बोट मात्र हलले नाही. सिस्टरांनी जुना ठिपका पुसला, त्यांना उभे केले, बसवले, वाकवले आणि पिळाच्या बऱ्याच खाली, तात्यांना स्वतःला दिसेल असा नवा ठिपका दिला. पिशवीची वरची कड माझ्या रेषेवर येत होती.

"करदोडा काढावा लागेल, तात्या. शस्त्रक्रियेलाही तो चालत नाही."

गाठ सुटेना. सिस्टरांनी कात्री पुढे केली.

"जित्या माणसाचा तोडत्यात व्हय?" तात्यांनी विचारले. सिस्टरांना नव्हे.

"लोकर जित्याचीच कातरत्यात," साखरबाई म्हणाल्या आणि कात्री हातात घेतली.  "पोट आत घ्या."

आज तात्यांना आत नेले आहे. दाराबाहेरच्या बाकावर, साखरबाईंच्या पदराच्या गाठीत मी आहे. आत काय चालले आहे, हे मला नेहमीप्रमाणेच कळत नाही. एवढे खरे, की तात्या परत आलेच तर कमरेवरची ती जागा माझी नसेल. तिथे येणाऱ्या पिशवीचा मला हेवा वाटत नाही. मी तिथे नुसता होतो. तिला तिथे काम आहे.

वाचकहो, तुम्ही कधी वरकुट्याला आलात आणि उसाच्या बांधावर एक म्हातारा भेटला, त्याच्या धोतराखाली उजवीकडे थोडा फुगवटा दिसला, तर तिकडे रोखून पाहू नका. नजर घाईने दुसरीकडेही वळवू नका. ते त्यांना लगेच कळते. तोंडाकडे बघा आणि विचारा, "तात्या, यंदा तोड कवा?"

ते सांगतील. उसाविषयी त्यांना कधीच लाज वाटली नाही.