सोडवणूक

फौजदारानं मेलेल्या बाईच्या शेपट्याचं टोक दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवलं. केसांचं टोक आत दुमडलेलं होतं आणि त्यावर मऊ चिंधीची चपटी गाठ मारलेली होती, हाताला जाणवूही नये अशी.

"ही वेणी तुम्ही घातलीत?"

तिचा नवरा दारातच उभा होता. चौकातल्या दुकानात तो पुस्तकं बांधायचा, म्हणून सारं गाव त्याला बाइंडर म्हणायचं. त्याच्या बोटांवरची खळ वाळून पांढरी पडली होती.

"नाही साहेब. मला वेणी येतच नाही. मी आपला रबर लावायचो. ती हसायची. म्हणायची, एवढाले ग्रंथ बांधता आणि बायकोचे केस बांधता येत नाहीत तुम्हाला."

सांगता सांगता त्याचा चेहरा हसण्याच्या बेतात आला आणि तिथंच अडकून राहिला. फौजदारानं शेपटा पुन्हा उशीवर ठेवला.

पलंग जागचा हलवलेला होता. फरशीवर त्याच्या पायांचे ओरखडे उठले होते. उशीकडची बाजू मावळतीला आणि बाईचं तोंड उगवतीला. खिडकी सताड उघडी. बाईचे दोन्ही हात छातीवर जुळवून ठेवलेले. नखं कापलेली, चादर धुतलेली. या गावात असं मरण आता नवं राहिलं नव्हतं. पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेले पोस्टमास्तर असेच गेले होते. मग नव्वदी ओलांडलेला शिंपी. मग गाणं शिकवणाऱ्या बाई, त्यांना तर कॅन्सरनं पोखरून टाकलं होतं. पहिल्या दोघांच्या वेळी कुणाला शंकासुद्धा आली नाही. सुटले बिचारे, म्हणून लोक मोकळे झाले. उलट तो उगवतीकडे वळलेला पलंग आणि जुळलेले हात पाहून काही जणांनी नमस्कारही केला. गाण्याच्या बाईंच्या वेळी मात्र डॉक्टरांनी त्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या, आत गुदमरल्याचे रक्ताचे बारीक ठिपके दिसले आणि ते तडक पोलीस ठाण्यात आले.

आताही त्यांनी तेच पाहिलं.

"उशी," डॉक्टर हळूच म्हणाले. "तोंडावर दाबलीय. आणि मग तीच उशी डोक्याखाली ठेवलीय. अभ्रा सारखा करून."

"मारणारा भाविक आहे," फौजदार म्हणाला. गेले काही महिने तो हे हवालदारालाही सांगत होता. त्यासाठी तो सुट्टीच्या दिवशी प्रार्थनामंदिरात जाऊन बसायचा, डोळे मिटलेल्या लोकांचे चेहरे न्याहाळायचा. देह हा पिंजरा आहे असं घसा फोडून सांगणारा तिथला प्रवचनकार त्याच्या मनात भरला होता. त्याच्या मागावर त्यानं माणूसही ठेवला होता. पण तो प्रवचनकार कालपासून परगावी होता.

"पण साहेब, इतके दिवस अंथरुणावर होती ती आता बरी होत होती," बाइंडर एकदम म्हणाला. "परवा टेबलाला धरून उभी राहिली. स्वतःहून. म्हणाली, कुणाला सांगू नका हं इतक्यात. एकदम दुकानापर्यंत चालत येऊन दाखवते."

डॉक्टरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"घरात कोण कोण येतं तुमच्या?"

"कोण येणार? दूधवाला. शेजारच्या काकू. आणि आपल्या ताई येतात अधूनमधून प्रार्थना म्हणायला. त्यांचं काय, देवमाणूस."

आपल्या ताई म्हणजे फौजदाराचीच मोठी बहीण. फौजदारानं मान हलवली. ते नाव त्यानं ऐकलं आणि सोडून दिलं, आपल्याच श्वासाचा आवाज सोडून द्यावा तसं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कपडे बदलायला घरी आला. रात्रभर ठाण्यातच बसून राहिल्यानं अंग आंबून गेलं होतं. बायको शाळेत शिकवायला जायच्या घाईत होती.

"वन्सं आल्यात. ठकीची आंघोळ झालीय," ती चपला घालता घालता म्हणाली. "तुम्ही खाऊन घ्या दोन घास. तोंड बघा काय झालंय."

ठकी त्यांची मुलगी. जन्मापासून ती अंथरुणावरच होती. मान धरता यायची नाही, बोलता यायचं नाही, आणि आकडी आली की सगळं अंग लाकडासारखं ताठ व्हायचं. पण हसायची मात्र अशी, की शेजारपाजारचे लोक कामं टाकून डोकवायचे. तिचं सगळं करायची ती आत्या. ताईनं लग्न केलं नाही. आई गेली तेव्हा फौजदार एवढासा होता. त्याला ताईनंच वाढवलं, दवाखान्यात नर्सची नोकरी करून शिकवलं. त्याच्या अंगावर पहिल्यांदा खाकी चढली, त्या दिवशी ती रस्त्यात थांबून ओळखीअनोळखीच्या लोकांना सांगत होती, हा माझा भाऊ. निवृत्त झाल्यावर ती प्रार्थनेला जायला लागली, गावातल्या आजाऱ्यांपाशी जाऊन बसायला लागली. पण सकाळ ठकीची. त्यात कधी खंड पडला नाही.

तो चहाचा कप घेऊन खोलीच्या दारात उभा राहिला. ताईनं ठकीला कुशीवर वळवलं होतं आणि ती तिची वेणी घालत होती. शेपट्याचं टोक तिनं आत दुमडलं, गुडघ्यावरची चिंधी उचलली आणि चपटी गाठ मारली.

कप त्याच्या हातात कलला. चहा बोटांवरून मनगटापर्यंत ओघळला तरी त्याला कळलं नाही.

"ताई, ती चिंधी कशाला बांधतेस?"

"टोचतं रे पाठीला. पडून राहणाऱ्या माणसाला केससुद्धा टोचतो."

"सगळ्या नर्सना येतं हे?"

"कुठलं! आमच्या मेट्रनबाईंनी शिकवलं होतं मला. आता एवढं कोण करतंय?"

तिनं ठकीचा चेहरा ओल्या फडक्यानं पुसला. ठकीनं डोळे मिटून घेतले. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"काल दुपारी तू बाइंडरच्या घरी गेली होतीस का?"

फडकं थांबलं. ताईनं त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी तो खोटं बोलला की ती अशीच बघायची, न रागावता, वाट बघत. तिला पहिल्यांदा वाटलं असावं, की भाऊ आता मोठा झाला.

"एवढे दिवस मला वाटायचं, तू विचारशील," ती म्हणाली. "तू विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं नसतं."

त्याला आठवलं, त्यानं विचारलं होतं. एवढ्या घरांत जातेस, कुणी संशयास्पद दिसलं का, असं विचारलं होतं. ती म्हणाली होती, मला कुणी दिसलं नाही.

"हिला भरवते आणि येते," ताई म्हणाली. "तुझ्या हातानं ती खात नाही."

नाही म्हणायला हवं होतं. ताटली काढून घ्यायला हवी होती. तो दारात उभा राहिला, चौकट घट्ट धरून, आणि ताई मऊ भाताचे लहान लहान घास ठकीच्या ओठांत सारत राहिली. प्रत्येक घासाबरोबर ठकी हसत होती. शेवटी ताईनं तिचं तोंड पुसलं, तिला नीट झोपवलं, शेजारणीला हाक मारून बसायला सांगितलं आणि पायांत चपला घातल्या.

दोघं बाजारातून चालत गेली. त्यानं तिला धरलं नव्हतं. फळवाल्यानं हात जोडले. औषधाच्या दुकानातला म्हातारा ओरडला, "ताई, आमच्या हिच्याकडे कधी येताय? फार कण्हते हो." ताई त्याच्याकडे बघून हसली. फौजदारानं भराभर पावलं उचलली.

*

ठाण्यात त्यानं मागची खोली उघडायला लावली. जिल्ह्याच्या साहेबांना निरोप धाडला, की तपास आता माझ्याकडे ठेवू नका. ते येईपर्यंत त्याच्या हातात थोडा वेळ होता. हवालदार दाराशी उभा होता. त्याच्या आईचं बाळंतपण ताईच्याच हातचं, म्हणून तो जमिनीकडे बघत होता.

"पोस्टमास्तर?"

"मीच."

"शिंपी? गाण्याच्या बाई?"

"हो रे. बाईंनी माझा हात धरला होता. शेवटपर्यंत सोडला नाही."

"का, ताई?"

ती खुर्चीत सरळ बसली होती. तिच्या आवाजात ना भीती होती ना घमेंड.

"आयुष्यभर वॉर्डात कण्हणं ऐकलं. सुई टोचायची, अंथरूण बदलायचं, पुन्हा तेच कण्हणं. मग प्रार्थनेला बसायला लागले आणि एक दिवस लख्ख कळलं. देव त्यांना तिकडे बोलावतोय आणि मी इतकी वर्षं इकडे ओढत बसलेय. चुकीच्या बाजूनं जोर लावला मी जन्मभर."

"बाइंडरची बायको बरी होत होती. उभी राहिली होती ती."

"बरं होणं म्हणजे काय? आज उठली असती, उद्या पुन्हा पडली असती. आता जिथे आहे तिथे पडणं नाही, दुखणं नाही. तुला नाही समजायचं. तू विश्वासच ठेवत नाहीस."

तिच्या चेहऱ्यावर खराखुरा आनंद होता. असा चेहरा त्यानं प्रार्थनामंदिरात कितीतरी वेळा शेजारी बसून पाहिला होता. त्यानं रुमालानं तळहात पुसले.

"मग ठकी?"

"ठकीचं काय?"

"जन्मापासून पडून आहे ती. आकड्यांनी तिचे हाल होतात ते माझ्यापेक्षा तूच जास्त पाहिलेस. ही शाळेत, मी इथं. रोज घरात दोघीच तुम्ही. तिला का नाही सोडवलंस?"

टेबलावरच्या कापडाला एक सुरकुती होती. ताई ती बोटानं सारखी करू लागली. सुरकुती पुढे सरकली. तिनं ती पुन्हा दाबली.

"मागच्या थंडीत," ती म्हणाली, "एकामागून एक आकड्या येत होत्या तिला. मी प्रार्थना केली. खिडकी उघडली. पलंग फिरवला. उशी घेतली."

फौजदार हलला नाही.

"तिला वाटलं, आत्या खेळतेय. उशीआडून भॉक करते ना मी रोज. अशी हसायला लागली..."

"मग?"

"नाही झालं."

"का? देवाकडेच जाणार होती ना? दुखणं नाही तिथं."

"हो."

"मग का नाही झालं, ताई?"

"मग मी रोज सकाळी कुणाकडे आले असते रे?"

वाक्य तोंडातून निघालं आणि ती थांबली. आपणच काय बोललो ते दुसऱ्या कुणीतरी बोलल्यासारखं ती ऐकत राहिली. कापडावरचं बोट होतं तिथंच राहिलं. हवालदारानं पहिल्यांदा मान वर केली.

भिंतीपलीकडे कुणीतरी खोकलं.

"बाहेर कोण आहे?" तिनं विचारलं. आवाज एकदम म्हातारा झाला होता.

"बाइंडर. सकाळपासून बसलाय."

"तो दुपारचा दुकान बंद करून घरी यायचा," ताई म्हणाली. "आधी तिला भरवायचा. मग स्वतः जेवायचा."

एवढं बोलून तिनं आपलाच तळहात तोंडावर घट्ट दाबून धरला. खांदे हलत होते, पण आवाज येत नव्हता. फौजदार उठला. लहान असताना तो तापानं फणफणला, की ती रात्र रात्र त्याच्या कपाळावर हात ठेवून बसायची. त्याचा हात तिच्या डोक्यापर्यंत गेला आणि मध्येच थांबला. त्यानं तो मागे घेतला आणि हवालदाराला पाणी आणायला सांगून तो बाहेर आला.

*

ओसरीतल्या बाकावर बाइंडर एकटाच बसला होता. बातमी गावभर झाली होती, ती त्याच्यापर्यंतही पोचलीच असणार. फाटकाबाहेर माणसं जमली होती, पण आत कुणी येत नव्हतं. फौजदाराला बघून बाइंडर थोडा सरकला आणि त्यानं बाकावर जागा करून दिली.

फौजदार बसला. काहीतरी बोलायला हवं होतं. माफ करा म्हणावं, तर ते शब्द त्याच्या तोंडी शोभणारे नव्हते. तुमच्या बायकोला त्रास झाला नाही म्हणावं, तर डॉक्टरांनी पापणी उलटून जे दाखवलं ते त्यानंही पाहिलं होतं. बूट काढून पुन्हा घालावेत असा काहीतरी निरर्थक विचार त्याच्या मनात आला.

"ताईच ना?" बाइंडरनं विचारलं.

"हो."

बाइंडरनं मान हलवली. बराच वेळ तो आपल्या बोटांवरची वाळलेली खळ नखानं खरवडत राहिला. तिचे पापुद्रे त्याच्या मांडीवर पडत होते. फाटकापाशी लोक कुजबुजत होते. मग तो समोर बघतच म्हणाला,

"तुमच्या मुलीचं आता कोण बघणार?"

फौजदारानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिला.

"बघू काहीतरी," शेवटी तो म्हणाला.

"हं."

ऊन ओसरीच्या कडेपर्यंत आलं होतं. बाइंडरनं मांडीवरचे पापुद्रे झटकले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"मला दुपारचं काही काम नसतं आता," तो म्हणाला.