पहिली बाटली भुईला

योगिताची मांत्रीण इतकी नाजूक होती, की राक्षसाने नुसती जांभई दिली तरी मरायची.

आठवडाभर फुग्यांच्या कारखान्यात पॅकिंग करून योगिता रविवारी दुपारी तलासरीहून मसोलीला विनोदच्या घरी यायची. विनोद, बोर्डीची दक्षा आणि ती, तिघं लॅपटॉप मांडून एकाच खेळात उतरायची. विनोद तलवारवाला, दक्षा धनुष्यवाली आणि योगिता मंत्रवाली. तिने सगळे पॉइंट बुद्धीत घातले होते, अंगात एकही नाही. तिचा आजा भगत होता. हाडांवर लुगडं वाळत घातल्यासारखा दिसायचा, पण त्याने सुपातले दाणे टाकले की गावचे पैलवान हात जोडून उभे. मांत्रिकाला अंग कशाला हवं?

"कारण तुझ्या आजाला कुणी गदा मारत नव्हतं, बाय!" विनोद म्हणाला. "आज शेवटचं. आज पहिली मेलीस तर मंत्रवाली पुसायची नि धनुष्य घ्यायचं. नाहीतर तुझ्या जागी शेजारच्या जीवनला घेतो."

"दोन धनुष्यं काय करायची?" दक्षा म्हणाली. "तोरण बांधायचंय?"

योगिताने आठवडाभर डोकं घासून मांत्रीण नव्याने घडवली होती. अर्धे पॉइंट जिवात. बर्फाचा मंत्र, म्हणजे शत्रूची चाल म्हशीसारखी होते. आणि एक निळी ढाल: मार बसला की रक्ताऐवजी मंत्रबळ कमी होणार. आता मंत्रबळ हाच तिचा जीव होता, आणि ते भरायला निळ्या बाटल्या.

बॉसच्या, म्हणजे मोठ्या राक्षसाच्या, दाराशी तिने त्यातली पहिली बाटली सगळ्यांदेखत जमिनीवर टाकली.

विनोदने कपाळ बडवलं. "परत?"

"पहिली भुईला."

ताडीचं मडकं उतरलं की आजा आधी चार थेंब मातीत सोडायचा. पोरांना मांडीवर घेऊन म्हणायचा,

पहिली भुईला, दुसरी पाहुण्याला,
उरलीसुरली या म्हाताऱ्याला.

म्हाताऱ्याला उरायची मात्र निम्म्याहून जास्त.

"अगं, कॉम्प्युटरच्या भुईत कुठले पूर्वज?" विनोद ओरडला. "त्यांना काय वायफायचा पासवर्ड दिलायस?"

"तू आधी आत चल, तोंडाळ."

आत काळगेंडा उभा होता, डोंगराएवढा. योगिताने बर्फ फेकला, तो मंदावला. विनोदने दणादण वार केले, दक्षाचे बाण सुटत राहिले. गेंड्याने शेपूट फिरवली, दक्षा भिंतीला आपटून मेली. मग विनोद फुशारकी मारत पुढे घुसला आणि चपातीसारखा सपाट झाला.

"पहिली मी नाही मेले," योगिता म्हणाली.

"बोलू नको, पळ!" विनोद खेकसला.

गेंड्याचा जीव नखभर उरला होता. योगिताकडे एक बाटली नाही, एका मंत्रापुरतंही बळ नाही. ढाल विझली. पुढची टक्कर थेट अंगावर. ती पळत पळत दाराशी आली. तिथे तिचीच निळी बाटली लखलखत पडली होती.

खेळातली ती वाकली, तशी खोलीतल्या पलंगावरून किंकाळी आली.

"नको गं! पूर्वजांची आहे!"

योगिताने मान वळवली. किंकाळी विनोदची होती. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा.

"अरे, तूच ना आत्ता पासवर्ड विचारत होतास?"

"ते वेगळं! दिलेलं परत घेतात का? उद्या माझ्या गाडीला काही झालं म्हणजे?"

गेंडा धावत येत होता. योगिताला आजाची मांडी आठवली, मातीत जिरणारे थेंब आठवले. ही बाटली मात्र काठोकाठ भरलेली होती.

"भुईने प्यायलीच नाही," ती हळूच म्हणाली. "देवाचं झालं की नैवेद्याचं ताट घरातच परत येतं ना? आजा, तुझं झालं असेल तर उरलीसुरली मला दे रे."

तिने बाटली घशात ओतली. मंत्रबळ भरलं, आगीचा गोळा सुटला. गेंडा गुडघ्यावर आला, मग कुशीवर पडला.

दक्षा पलंगावर उभी राहून नाचली.

"राहिली का मंत्रवाली?" योगिताने विचारलं.

विनोदचा तलवारवाला जिवंत होऊन पुढच्या दरवाजापाशी गेला, थांबला, इकडेतिकडे पाहिलं आणि गुपचूप आपली एक लाल, जीव भरायची बाटली जमिनीवर ठेवली.

योगिता पुढे वाकली. "लाल? आजाला खोकल्याचं औषध पाजतोस होय रे?"