काजवाल्याची पट्टी

माणसाने ठरवलं तर तो स्वतःच्या मेंदूवर राज्य करू शकतो, असं थोर लोक सांगत आले आहेत. थोरांपैकी कुणाला यंत्राच्या बोगद्यात उताणं झोपवून समोरच्या पडद्यावरची लाल पट्टी नुसत्या मनाने खाली आणायला सांगितलं नव्हतं, एवढंच.

शर्टांना काजं करणाऱ्या काजवाल्याला ते सांगितलं गेलं. सहा वर्षं त्याच्या कानात एक बाई बोलत होती. तो तिला साहेबीण म्हणे. "काज वाकडं झालं, गाढवा," एवढंच तिचं बोलणं, पण दिवसभर. आवाज आला की मेंदूचा एक कोपरा तापतो, पट्टी त्या कोपऱ्याची; ती उतरवायला शिकलात की आवाजही उतरेल, असं हा प्रयोग चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. उतरवायची कशी, हे मात्र ज्याचं त्याने शोधायचं.

त्याला शिकणं भागच होतं. ताईने बजावलं होतं, "आवाज गेल्याचं डॉक्टरांचं पत्र आण, मागची खोली तुझीच. पोरं घाबरतात रे, मी तरी काय करू?"

त्याने मनातल्या मनात काजं घातली. एकेक टाका. पट्टी उतरू लागली. आठव्या आठवड्यात तिने तळ गाठला आणि साहेबीणही गप्प झाली. एक नाही, दोन नाही, अकरा दिवस. जेवताना त्याला स्वतःचं चावणं ऐकू येऊ लागलं. एकदा त्याने काज मुद्दाम वाकडं करून पाहिलं. कुणी काही म्हणालं नाही.

मग तो पत्र मागायला गेला. डॉक्टरीणबाईंनी फाईल चाळून चष्मा काढला.

"काका, तुम्ही तुलनेच्या गटात होतात. निम्म्या लोकांना आम्ही दुसऱ्याच कुणाच्या मेंदूची पट्टी दाखवतो. सही केलेल्या कागदावर होतं ते."

"म्हणजे ती माझी नव्हतीच?"

"नाही."

"मग ज्याची होती, तो बरा झाला?"

"त्याला अजून ऐकू येतं."

"मला नाही येत."

"छानच की! पण कागदोपत्री तुमच्यावर उपचार झालेलेच नाहीत. पत्र कशाचं देऊ?"

"मग आता खरे करा. मी मोकळाच आहे."

बाईंनी नियमांचं पान त्याच्यापुढे सरकवलं. खऱ्या उपचारांसाठी नाव नोंदवता येत होतं. अट एकच होती : रुग्णाला सध्या आवाज ऐकू येत असले पाहिजेत.