रिपोर्टचा दुसरा कागद

फिल्टरवाल्याने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, पिशवीतून दोन नळकांडी काढली आणि त्यातलं मधोमध कापलेलं एक पंपकाकांच्या हातात दिलं.

"पोटात काय असतं ते आधी बघून घ्या," तो म्हणाला.

पंपकाकांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, आटे बोटाने चाचपले. एकोणचाळीस वर्षं लोकांचे पंप उघडण्यात गेलेली. एरवी त्यांनी त्या माणसाला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं असतं. आज त्यांचं सगळं लक्ष टेबलाच्या पलीकडे होतं. तिथे त्यांची सून उभी होती, कडेवर सात महिन्यांची ठमी आणि हातात विहिरीच्या पाण्याच्या रिपोर्टची फाइल.

"हे साधं, गाळ पकडणारं," फिल्टरवाला सांगत होता. "आणि या दुसऱ्यात दिवा असतो. पाणी दिव्यासमोरून गेलं की जंतू मरतात. कुठलं लागेल ते रिपोर्टवर ठरतं."

सुनेने फाइलमधून वरचा कागद काढून त्याच्यापुढे ठेवला.

"जंतू नाहीत. एकही नाही," तो वाचून म्हणाला. "विहिरीचा असा रिपोर्ट मला क्वचितच बघायला मिळतो. मग दिव्याच्या भानगडीत कशाला पडता? साधं बसवा."

खरं तर पंपकाकांनी आता मिशीवरून हात फिरवायला हवा होता. त्यांनी नळकांडं खाली ठेवलं आणि उगाचच चष्मा पुसायला घेतला.

झालं होतं असं, की दोन महिन्यांत ठमीचं पोट दोनदा बिघडलं. दुसऱ्या खेपेला तर दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात पाणी कुठलं? विहिरीचं म्हटल्यावर म्हणाल्या, तपासून घ्या. एवढंच म्हणाल्या बिचाऱ्या, पण पंपकाकांच्या ते जिव्हारी लागलं. ती विहीर त्यांनी स्वतः खणलेली, दोन गडी हाताशी घेऊन, तीस वर्षांपूर्वी. पहिला पेला बायको प्यायली होती. पेल्यात निम्मा चिखल होता, पण नवऱ्याचं मन राखायला तिने तो गटागटा रिकामा केला, ओठ पुसले आणि म्हणाली, "गोड आहे." ती जाऊन चार वर्षं झाली. विहिरीला कुणी नाव ठेवलं की पंपकाकांना वाटे, तिलाच ठेवलं.

"बाटली मीच भरणार," त्यांनी तेव्हा सुनेला बजावलं होतं. आणि भरायच्या आदल्या दिवशी सकाळी, घरात कुणी नसताना, त्यांनी विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली. चांगले दोन डबे.

आता याला लबाडी म्हणावी, तर त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. दुरुस्त केलेला पंप मालकाला दाखवण्याआधी ते तो फडक्याने लख्ख पुसत. ग्रीसचा डाग असलेलं यंत्र त्यांनी जन्मात कुणाच्या हवाली केलं नव्हतं. चार माणसांत न्यायच्या आधी पोराचं तोंड धुवावं, तशी त्यांनी विहीर धुतली होती. रिपोर्ट आला त्या दिवशी ते खूशही होते. मग सून रोज सकाळी ठमीसाठी पाणी उकळत राहिली आणि त्यांना राग आला. रिपोर्ट चांगला आला तरी ही बाई उकळतेच आहे. त्या रागाच्या तळाशी दुसरं काहीतरी आहे, हे त्यांना कळत होतं. पण तिकडे बघायची त्यांची तयारी नव्हती.

"बाबा," सून म्हणाली, "साधं बसवू? बसवलं की उकळायचं बंद करू. पुढच्या महिन्यापासून ठमी वरचं पाणी जास्त प्यायला लागेल. तुम्ही म्हणाल तसं."

तुम्ही म्हणाल तसं.

ठमीने आजोबांकडे झेप घेतली आणि त्यांचं बोट मुठीत धरलं. याच हातावर दवाखान्यात नर्सने तीनदा सुई टोचली होती. शीर सापडत नव्हती. तिसऱ्यांदा पोरगी रडलीसुद्धा नाही, तिच्यात रडायचं त्राणच नव्हतं, आणि पंपकाका उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले होते.

"दिव्याचं बसवा," पंपकाका म्हणाले.

"काका, गरज नाही हो. रिपोर्ट..."

"रिपोर्टचं सांगू नका मला." आवाज चढला तसा त्यांनी तो खाली आणला. "आदल्या दिवशी मी पावडर टाकली होती विहिरीत. दोन डबे."

फिल्टरवाला माणूस शहाणा होता. त्याने सुनेकडे पाहिलं नाही, की काकांकडेही नाही. कागदाची घडी घालत म्हणाला, "मग हा रिपोर्ट पावडरीचा झाला काका, विहिरीचा नाही. पुन्हा तपासून घ्या. आठवड्याने येतो मी, तेव्हा ठरवू." त्याने नळकांडी पिशवीत भरली आणि दिलेला चहा अर्धवट टाकून तो गेला.

दार लागलं. आता बोलणी बसणार म्हणून पंपकाका खुर्चीत अंग चोरून बसले. सुनेने ठमीला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ती आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. एवढा वेळ काय शोधते आहे, त्यांना कळेना. दोन शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं.

ठमीला तोवर फाइल सापडली होती. तिने आतला कागद ओढला, चोखायला घेतला, तेव्हा पंपकाकांनी तो तिच्या तोंडातून हळूच सोडवला. रिपोर्टचा दुसरा कागद होता तो. हा त्यांना कुणी वाचून दाखवला नव्हता. फिल्टरवाल्यालाही दिला नव्हता. खालून तिसऱ्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला. 'पाण्यातील क्लोरीन: आढळले.' म्हणजे त्यांचीच पावडर. शेजारी सुनेच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बाबांना विचारायचं.' आणि ते खोडलेलं होतं.

सून बाहेर आली. तिच्या हातात प्रयोगशाळेची नवी, सीलबंद बाटली होती.

"ही कधी आणलीस?"

"रिपोर्ट आणायला गेले होते, तेव्हाच."

म्हणजे दोन आठवडे ही बाटली कपाटात होती. पंपकाकांनी ठमीच्या डोक्यावरून हात फिरवला, मग परत फिरवला.

"विचारलं नाहीस मला."

"तुम्ही सांगाल असं वाटत होतं."

"आणि नसतं सांगितलं तर?"

सुनेने स्वयंपाकघराकडे पाहिलं. गॅसवर ठमीचं पातेलं होतं, झाकणाखालून वाफ येत होती.

"तर उकळत राहिले असते," ती म्हणाली.

पंपकाकांनी ठमीला तिच्याकडे दिलं, बाटली घेतली आणि मागच्या अंगणात गेले. पंप सुरू केला. प्रयोगशाळेच्या सूचनेप्रमाणे पाच मिनिटं नळ नुसता वाहू दिला. मग सील काढून बाटली भरली आणि उजेडात धरून पाहिली.

पाण्यात एक काळपट कण तरंगत होता. ओतून पुन्हा भरायला हात आपोआप कलला, तो त्यांनी आवरला. मग त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि बाटली तशीच सुनेच्या हातात नेऊन दिली.