उजेडाची सवय

लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावेना, तेव्हा शववाहिकेच्या दोघा माणसांनी इंगेरला जिन्यावरूनच खाली आणलं. प्रत्येक वळणावर तिला जवळजवळ उभं करावं लागत होतं. वीबे भिंतीला पाठ लावून थांबला. ती त्याच्या थेट खालच्या मजल्यावर राहायची, नॉर्वेची, एकटी. तो हॉलंडचा, तोही एकटाच. जिन्यात वास यायला लागला तेव्हा गटाराचा समजून त्याने आपल्या न्हाणीच्या जाळीत बादलीभर पाणी ओतलं होतं. रोज संध्याकाळी तिच्या खिडकीत दिवा दिसायचा आणि बाई घरात आहे म्हणून त्याला बरं वाटायचं. तो दिवा दिवसाही जळत होता, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

समोरच्या बैठ्या घरातली, मूळची याच गावची एन्कार्ना गाऊनवर स्वेटर चढवून रस्त्यात उभी होती. गाडी वळणाआड गेल्यावर ती त्याच्याकडे वळली.

"चूक तुमच्या लोकांची आहे, शेजारी. आम्ही रात्री खिडकीचं शटर पाडतो, सकाळी वर घेतो. नाही वर गेलं, की कुणीतरी येऊन दार वाजवतं. तुमचं सदानकदा उघडंच. आत माणूस आहे की मुडदा, आम्ही ओळखायचं कसं?"

अंधार सोसत नाही, असं वीबेने सांगितलं. त्याच्या गावी हिवाळ्यात उजेड इतका थोडा, की खिडकी कुणी झाकतच नाही.

"रात्रीचा कसला आलाय उजेड? चंद्र काय पळून जातोय?"

त्या संध्याकाळी त्याने खिडकीशेजारचा कापडी पट्टा पहिल्यांदाच सैल सोडला. शटरच्या फळ्या कुरकुरत खाली आल्या आणि खोली पेटीसारखी बंद झाली. तो बराच वेळ दिव्याखाली बसून राहिला.

सकाळी शटर वर घेतलं, तर खाली एन्कार्ना दारातली पायरी धूत होती.

"जिवंत?" तिने मान वर करून विचारलं.

"अजून तरी."

मग ते रोजचंच झालं. गल्लीतली बाकीची घरं सुट्टीला येणाऱ्यांची. त्यांची शटरं उन्हाळ्यापर्यंत खालीच. सकाळी वर जाणारी दोनच, तिचं आणि त्याचं. तिचं नेहमी आधी.

वीबेने आयुष्यभर बॉयलर तपासले होते. झडप चालते असं कुणी सांगितलं, की तो आधी दाब वाढवून पाहायचा. फेब्रुवारीतल्या एका सकाळी जाग आल्यावर त्याने पट्ट्याला हात लावला नाही.

फळ्यांमधल्या फटी लांबट होत्या, पण समोरच्या भिंतीवर पडलेले उन्हाचे ठिपके गोल होते. प्रत्येक ठिपका म्हणजे सूर्याचं लहानसं चित्र. सूर्य चढू लागला तसे ते भिंतीवरून खाली सरकू लागले. त्याने दोघांपुरती कॉफी केली. एन्कार्ना दार वाजवायला आली की काय सांगायचं, तेही ठरवलं: झोप लागली होती. थोडं रागावू द्यायचं तिला.

ठिपके कपाटाच्या मुठीवर आले, मग खुर्चीच्या पाठीवर. पाववाल्याच्या गाडीचा भोंगा वाजला आणि दूर गेला. बेल वाजली नाही. ठिपके फरशीवर उतरले.

वीबेने दुसऱ्या कपातली कॉफी मोरीत ओतली, कप विसळला, पुसला, कपाटात ठेवला. मग पट्टा हिसका देऊन ओढला.

एकदम आलेल्या उजेडाने त्याचे डोळे मिटले. उघडले तेव्हा खाली एन्कार्नाची पायरी कोरडी होती. पाववाल्याने दाराच्या कडीला अडकवलेली पिशवी तशीच लोंबत होती. तिच्या खिडकीचं शटर पार खालपर्यंत पाडलेलं होतं.

तो सपाता घालूनच जिना उतरला. दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. मग वाकून त्याने खिडकीच्या फळ्यांशी तोंड नेलं.

"जिवंत?"

आणि तिथेच कान लावून उभा राहिला.