कोरडी मूठ

उस्तादाने मेव्हण्याला राखेच्या पोत्यावर आडवं पाडलं आणि छातीवर गुडघा रोवून दुसरी थोबाडीत दिली. ओतशाळेतल्या कोणाचीही मध्ये पडायची हिंमत झाली नाही. थोड्या वेळापूर्वी उस्तादाचा सख्खा धाकटा भाऊ वितळलेलं लोखंड साच्यात ओतत होता, तेव्हा साचाच फुटला. लोखंड उलटं उसळून त्याच्या कपाळावर, डोळ्यांत गेलं. भाजल्या कातडीचा वास अजून शेडमधून हटला नव्हता.

"ओली राख आणलीस, हलकटा. माझ्या भावाचे डोळे खाल्लेस."

"राख कोरडी होती, दाजी," मेव्हणा रक्त थुंकत म्हणाला. "हात घालून बघा."

मेव्हणा भाताच्या गिरणीत बॉयलरवर कामाला. तिथली तुसाची राख साच्याच्या वाळूत मिसळली की कोळशाची भुकटी लागत नाही, हे खूळ त्यानेच मालकाच्या डोक्यात भरलं होतं. उस्तादाने नाक मुरडलं, पण बायकोचा भाऊ पडला, म्हणून गप्प बसला. वाळूत पाणी किती घालायचं हे मात्र उस्तादाची मूठच ठरवायची. मूठभर वाळू दाबायची, गोळा मोडून बघायचा, झालं. उभ्या हयातीत ती मूठ चुकली नव्हती, आणि हे चारचौघांत सांगायची संधीही त्याने कधी सोडली नव्हती.

त्याने पोत्यात कोपरापर्यंत हात खुपसला. राख भुरभुरीत, कोरडी ठणठणीत निघाली. राग तरीही उतरेना. भिंतीला टेकवलेली, वाळू ठोकायची लोखंडी धुमस त्याने उचलली.

"आज वाळूत पाणी कोणी वाढवलं?" मेव्हण्याने दोन्ही हातांनी डोकं झाकत विचारलं.

"मी. मुठीला कोरडी लागत होती."

"लागणारच. ही राख पाणी पिते आणि वरून दाखवत नाही. मोजून घाला म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, मला शिकवू नकोस."

उस्तादाने शेजारच्या ढिगातली वाळू मुठीत दाबली. कोरडीच लागली. तो गोळा त्याने लोखंड ओतायच्या तापलेल्या लॅडलच्या कडेवर टाकला, तसा तो फस्सकन उडाला आणि वाफेने त्याच्या मनगटाची साल निघाली. त्याचं तिकडे लक्षही गेलं नाही. तो आतून पार मेला होता. धुमस टाकून तो मेव्हण्याला उठवायला वाकला.

"हात नका लावू," मेव्हणा म्हणाला आणि पोत्याला धरून स्वतःच उठला.

दवाखान्यात धाकट्याचा दोन्ही डोळ्यांसकट अर्धा चेहरा पट्ट्यांत गुंडाळलेला होता. एक डोळा गेला, दुसऱ्याचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

"दादा, वहिनीच्या भावाला सोडू नकोस," धाकटा म्हणाला. "हातपाय मोड त्याचे."

"मारला मी त्याला." उस्ताद कॉटजवळ सरकला. गप्प बसला असता तर निदान हा सख्खा भाऊ तरी त्याचा राहिला असता. "पण त्याचा दोष नव्हता रे. पाणी मी जास्त घातलं."

धाकटा चाचपडत उठून बसला.

"कुठे आहेस?"

"इथेच. तुझ्या उजवीकडे."

धाकट्याने जीव खाऊन फटका मारला. तो हवेतच गेला आणि धाकटा कॉटवरून पडता पडता वाचला. उस्तादाने त्याला सावरून नीट बसवलं, आणि आपलं तोंड त्याच्या हाताच्या टप्प्यात नेलं.

"आता मार," तो म्हणाला.