चारशे सतरा नंबरचा फोटो

हार द्यायचे आणि मागच्या दाराने निघून जायचं, एवढंच मालनबाईचं काम होतं. कॉलेज रोडवरच्या त्या हॉलमध्ये फोटोंचं प्रदर्शन होतं. उद्घाटनासाठी दाराचं तोरण आणि पाहुण्यांसाठी झेंडूचे दोन टपोरे हार तिने मखमलाबादहून टोपलीत घालून आणले होते. फुलं तिच्याच मळ्यातली, पहाटे खुडलेली. तोरण बांधायला मात्र कुणाचा पत्ता नव्हता. मग काय, पन्नाशीची बाई स्वतःच स्टुलावर चढली, तोरण बांधलं, खाली उतरली आणि सहज भिंतीकडे बघितलं.

भिंतीवर फोटो होते, पण कसले मेले फोटो! एकाचे डोळे खरवडलेले, एकाच्या गालाला भोकं, एका जोडप्यावर काहीतरी सांडून साडीचा लाल रंग पार नवऱ्याच्या टोपीपर्यंत ओघळलेला. सगळे जुने, स्टुडिओतले, मागे रंगवलेला डोंगर नि धबधबा असलेले.

"उंदरांनी कुरतडलं का काय!" ती पुटपुटली आणि पाचव्या फोटोपाशी थबकली.

त्या मुलीला तोंडच नव्हतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत सुईचे आडवे-उभे ओरखडे. पण पुढे घेतलेली वेणी शाबूत होती आणि वेणीवर गजरा होता. दोन अबोली, एक मरव्याची काडी, पुन्हा दोन अबोली, आणि शेवटाला मरव्याचा झुबका. असा झुबका सोडायची सवय अख्ख्या मखमलाबादेत एकाच बाईला होती, खुद्द मालनबाईला. फोटोखाली पाटी होती आणि पाटीवर आकडा होता, ४१७.

"साधे गं," मालनबाई म्हणाली.

साधना तिची लेक. हा फोटो शहाण्णव सालचा, स्थळांना दाखवायला मेनरोडवर शामसुंदरच्या स्टुडिओत काढलेला. दोन वर्षांनी बाळंतपणात साधना गेली. मागे शुभांगी राहिली, ती आजीपाशीच वाढली. आता सात वर्षांची आहे, पण आई कशी दिसायची ते तिला ठाऊक नाही. कारण सासरच्यांनी वर्षाच्या आत दुसरी आणली आणि पहिलीचे सगळे फोटो, माहेरून आलेलेसुद्धा, अल्बमसकट बंबात घातले. नव्या सुनेच्या डोळ्यांपुढे नकोत म्हणे! माणसं आहेत का कोण आहेत!

मालनबाईकडे उरलं होतं फक्त स्टुडिओचं रिकामं पाकीट, त्यावर नंबर ४१७. फोटो काढताना शामसुंदर छातीठोकपणे म्हणाला होता, "नंबर जपून ठेवा मावशी, वीस वर्षांनी आलात तरी कॉपी काढून देईन." त्या नंबरापायी तिने त्याच्या दुकानात किती खेटे घातले. आधी म्हणाला, दिवाळीनंतर या. मग म्हणाला, माळ्यावर आहे, शोधावं लागेल. शेवटी कानावर हात ठेवले, "पावसात भिजल्या हो सगळ्या निगेटिव्ह, फेकून दिल्या."

गावातल्या निम्म्या मयतांच्या फोटोंना मालनबाईने गुंफलेले हार, आणि तिच्या स्वतःच्या भिंतीवर नुसता खिळा. साधना गेली त्याच महिन्यात ठोकून ठेवलेला.

"हे कुणाचं काम हाय?" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की समईत तेल घालणारा माणूस दचकला.

खादीचा झब्बा घातलेला, केस वाढवलेला एक तरुण हसत पुढे आला. हा तनय, प्रदर्शन याचंच. मागे त्याची आई लतिकाताई, रेशमी साडीत, लेकाच्या कौतुकाने फुललेली.

"माझं काम, मावशी. आवडलं का?"

"हिचं तोंड कुठंय?"

तनयला वाटलं, बाईला खरंच समजून घ्यायचंय. तो सांगत सुटला. शामसुंदरकाकांनी स्टुडिओ डिजिटल केला, तेव्हा जुन्या निगेटिव्ह पोत्याने याला देऊन टाकल्या. याने त्या महिनाभर मातीत पुरल्या, काही ब्लीचमध्ये बुडवल्या, काही सुईने ओरखडल्या, आणि मग त्यांचे फोटो छापले. "काळ माणसाचा चेहरा कसा खातो, ते मला दाखवायचंय."

मालनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे भिजल्या नव्हत्या तर! तो शामसुंदर तोंडावर खोटं बोलला, आणि हा शहाणा सुई घेऊन बसला!

"काळाच्या नावावर खपवू नको रं! काळानं तिला नेली, ते मी डोळ्यांनी बघितलंय. तोंड तू खरवडलंस. ही माझी लेक हाय. तिच्या पोरीनं आईचं तोंड बघितलं नाय अजून. खरवडायच्या आधीची एक कॉपी दे मला. बास. दुसरं काय नको."

तनयचा चेहरा उतरला. "आधीची नाही काढली मावशी. मूळ उरता कामा नये, हीच तर कल्पना आहे. सॉरी." बघे जमू लागले तसा तो जरा सावरला. "पण शेवटी फिल्मचा तुकडा आहे हो तो. फोटोच आहे. माणूस थोडंच असतं त्यात?"

"फोटोच हाय," मालनबाई म्हणाली. "बरं."

तिने टोपलीतला हार उचलला आणि तरातरा दारापाशी गेली. तिथे स्टँडवर तनयचा भलामोठा फोटो होता, गळ्यात कॅमेरा, ओठावर हसू. तिने त्या फोटोला हार घातला. दोन्ही बाजू सारख्या केल्या, मयताच्या फोटोला करते तशा. समईजवळची उदबत्ती आणून पुढ्यात लावली आणि हात जोडले.

लतिकाताई किंचाळल्या, "अहो बाई, काय हे अभद्र! काढा तो हार! माझा मुलगा जिवंत आहे, हा काय समोर उभा आहे!" त्या धावत गेल्या आणि त्यांनीच हार ओढून काढला. तनय जागचा हलला नाही.

"एवढं काय झालं ताई? फोटोच हाय. माणूस थोडंच असतं त्यात?"

मालनबाईने भिंतीवरून चारशे सतरा नंबर काढला आणि काखोटीला मारला. एक जण अडवायला पुढे झाला, तर लतिकाताईच म्हणाल्या, "जाऊ द्या त्यांना."

ती पायऱ्या उतरत होती, तेवढ्यात लतिकाताई मागून आल्या. हार अंगापासून लांब धरला होता. "बाई, हा घेऊन जा. आमच्याकडे नको. मला एकुलता एक आहे हो."

मालनबाईचा राग तसूभरही कमी झाला नव्हता.

"मलाबी एकच होती. मी हार नेऊन काय करू? घरी खिळा तयार हाय, हार तर मी रोज गुंफते. घालायला तोंड पायजे ना, ताई!"

फ्रेम पदराखाली घेऊन ती रस्त्याला लागली. लतिकाताई हार हातात धरून पायरीवर तशाच उभ्या राहिल्या. तो कुठे ठेवावा, तेच त्यांना कळेना.